हात सोडायचा, पण एकदम नाही: राज्यातल्या प्राचार्यांना एका ऑटिस्टिक मुलाच्या आईचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व महाविद्यालयांचे प्राचार्य

सप्रेम नमस्कार.

डिसेंबर 2022 मधली गोष्ट आहे. एस.वाय.बी.एस्सी.ची सत्र परीक्षा चालू होती. माझ्या मुलाचा नंबर तिसऱ्या मजल्यावरच्या एका वर्गात आला होता. त्या दिवशी सकाळी तो वर्ग बदलून तळमजल्यावर केला आणि तशी चिठ्ठी जिन्याजवळच्या नोटीस बोर्डावर लावली. बाकीची मुलं एकमेकांना विचारत खाली गेली. माझा मुलगा हॉलतिकीट आणि पाउच हातात धरून तिसऱ्या मजल्यावरच्या बंद दारासमोर उभा राहिला. पंचवीस मिनिटांनी गच्चीवरच्या टाकीचं पाणी बघायला एक शिपाईमामा वर चढले, त्यांना तो दिसला. त्यांनी काही विचारलं नाही. ‘चल’ म्हणाले आणि खाली घेऊन गेले. पेपर संख्याशास्त्राचा होता, त्याच्या सगळ्यात आवडीचा. उरलेल्या वेळात जमलं तेवढं त्याने लिहिलं.

घरी आल्यावर मी विचारलं, ‘कोणाला विचारलं का नाहीस?’ तो म्हणाला, ‘तिथे कोणी नव्हतं.’ ‘मग खाली का नाही आलास?’ ‘हॉलतिकिटावर तोच वर्ग होता.’

त्याला ऑटिझम आहे. मराठीत आपण स्वमग्नता म्हणतो. मला हा शब्द कधीच पटला नाही. स्वतःतच मग्न असलेल्या माणसाला बाहेरचं काही जाणवत नसेल असं त्यावरून वाटतं, आणि माझ्या मुलाला बाहेरचं फार जाणवतं. पंख्याची कुरकुर, ट्यूबलाइटचं लुकलुकणं, मागच्या बाकावर कोणीतरी टकटक वाजवत असलेलं पेन, हे सगळं सरांच्या आवाजाइतक्याच जोरात त्याच्या कानात शिरतं. त्यातून सरांचा आवाज निवडून काढता काढता तो दमतो. दुपारी घरी आला की तासभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचा. मला सुरुवातीला वाटायचं, त्याला अभ्यास झेपत नाही. अभ्यास झेपत होता, वर्ग झेपत नव्हता.

हे पत्र त्याने वाचलं आहे. तो 22 वर्षांचा आहे, तेव्हा त्याच्याबद्दल चारचौघांत काय सांगायचं हे त्यानेच ठरवायला हवं. दोन परिच्छेद त्याने काढायला लावले आणि नाव देऊ नकोस म्हणाला. महाविद्यालयाचं नावही मी देत नाही. एका संस्थेला दोष द्यायला हे पत्र लिहिलेलं नाही, आणि आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांत थोड्याफार फरकाने हेच घडलेलं आहे.

शाळेत असताना आम्हाला माणसं मिळाली. वर्गशिक्षिका होत्या, समुपदेशक ताई होत्या, आठवीपर्यंत एक सहायक शिक्षिका त्याच्या शेजारी बसायच्या. 2019 मध्ये दहावीला मंडळाने वाढीव वेळ दिला. बारावीनंतर मात्र सगळं एका दिवसात थांबलं, जणू मार्चपर्यंत असलेला ऑटिझम जूनमध्ये बरा झाला. त्यात त्याचं पहिलं वर्ष कोरोनामुळे बहुतेक ऑनलाइन गेलं. स्वतःची खोली, स्वतःचे हेडफोन, समोर स्क्रीनवर लिहिलेलं सगळं. त्या वर्षी त्याला उत्तम मार्क पडले. आम्हीही निर्धास्त झालो. दुसऱ्या वर्षी तो दोन हजार मुलांच्या इमारतीत एकटा शिरला.

कायदा मला आता पाठ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा, एप्रिल 2017 पासून लागू झालेला. 1995 च्या जुन्या कायद्यात सातच प्रकारची दिव्यांगता होती आणि तिच्यात ऑटिझम नव्हता. नव्यात 21 आहेत आणि ऑटिझम आहे. कलम 32 नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत आणि वयाची अट पाच वर्षांनी शिथिल आहे. परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळतो. आपल्या राज्यात तर 2022 मध्ये दिव्यांग कल्याणासाठी वेगळा विभागच झाला. म्हणजे कागद कमी नाहीत. पण प्रवेशाच्या खिडकीवर प्रमाणपत्र दाखवलं, तेव्हा क्लार्क त्याच्याकडे बघून मला म्हणाले, ‘दिसायला तर अगदी नॉर्मल आहे हो.’ ते चांगल्या मनाने म्हणाले. त्यांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. जादा वेळेसाठी दर सत्राला नव्याने अर्ज करावा लागायचा आणि दर वेळी नवा माणूस विचारायचा, ‘मग लेखनिक का नको?’ कारण त्याला लिहिता येतं. त्याला हवा आहे वेळ, आणि जिथे पंखा वाजत नाही अशी खोली.

त्याच कायद्यात ‘वाजवी सोय’ नाकारणं हा भेदभाव मानला आहे. आणि सोय कोणती, हे त्या त्या माणसाकडे बघून ठरवायचं असतं. फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की 40 टक्के दिव्यांगतेचं प्रमाणपत्र नाही एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही. हा निकाल आपल्या परीक्षा विभागातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा, कारण आपल्याकडे अशी मुलं नक्की आहेत ज्यांच्याकडे कागद नाही. मुली तर विशेष करून. त्या बघून बघून इतरांसारखं वागायला शिकतात, हसायचं कधी आणि मान डोलवायची कधी हे पाठ करतात, आणि त्यामुळे त्यांचं निदान फार उशिरा होतं. एखादी हुशार मुलगी दुसऱ्या वर्षी अचानक यायचीच बंद होते. मग आपण म्हणतो, घरचा काही प्रॉब्लेम असेल.

आता वर्गातलं सांगते. प्रॅक्टिकलच्या तासाला सर म्हणाले, ‘जर्नल लवकर सबमिट करा.’ माझ्या मुलाने हात वर करून विचारलं, ‘लवकर म्हणजे किती तारखेला?’ वर्ग हसला. सर म्हणाले, ‘जास्त शहाणपणा करू नकोस.’ त्याला खरंच तारीख हवी होती. ‘जरा बघून घे’, ‘नंतर ये’, ‘ते तुझं तू ठरव’, ‘बघू पुढच्या आठवड्यात’, आपल्या बोलण्यात असे किती शब्द असतात ते मी त्याच्यामुळे मोजायला लागले. आपल्याला त्यांचा अर्थ आवाजावरून, चेहऱ्यावरून कळतो. त्याला शब्दावरून कळतो, आणि या शब्दांत अर्थ नसतोच. डेमियन मिल्टन नावाचे ब्रिटिश अभ्यासक आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. 2012 मध्ये त्यांनी मांडलं की हा न कळण्याचा प्रश्न दोन्ही बाजूंचा आहे: ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत, तसा इतरांनाही तो कळत नाही, फक्त दोष एकाच्याच पदरात पडतो. त्या दिवशी वर्गात नेमकं तेच झालं.

तोंडी परीक्षेतही तसंच. प्रश्न ऐकल्यावर त्याला उत्तर जुळवायला आठ-दहा सेकंद लागतात, आणि विचार करताना तो समोरच्याकडे बघू शकत नाही, जमिनीकडे बघतो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चार सेकंदांत पुढचा प्रश्न टाकला, मग तिसरा. तो गप्प. त्या विषयात तो नापास झाला आणि तीन वर्षांची पदवी चार वर्षांची झाली. पुढच्या वर्षी विभागातल्या एका मॅडमनी परीक्षकांना आधीच सांगून ठेवलं आणि प्रश्न कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवले. तो पास झाला. खर्च एका कोऱ्या कागदाचा.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये ‘आपापले ग्रुप करा’ म्हटलं की तो उरायचा. ग्रुप शिक्षकांनी पाडले आणि प्रत्येकाचं काम लिहून दिलं, की हा प्रश्न राहत नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला दोनशे मेसेज यायचे, त्यात एखादा तास रद्द झाल्याचा असायचा. तो ग्रुपच त्याने म्यूट केला होता. सूचनेसाठी वेगळा ग्रुप, ज्यात फक्त शिक्षक लिहितील, एवढं जरी केलंत तरी त्याचा फायदा माझ्या मुलापुरता राहणार नाही.

एक प्रसंग लिहू का, असं मी त्याला विचारलं. लिही म्हणाला, पण तिच्याबद्दल काही लिहू नकोस. त्याच्या वर्गातली एक मुलगी लायब्ररीतून निघताना त्याला ‘उद्या भेटू’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो त्याच वेळी लायब्ररीच्या दारात उभा राहिला. ती आली नाही. मग तो रोज उभा राहायला लागला, कारण भेटायचं ठरलं होतं आणि भेट झाली नव्हती. दहा-बारा दिवसांनी ती घाबरली आणि तिने तक्रार केली. तिची भीती खरी होती. तिच्या आईच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण आमच्या घरी फोन आला तो ‘मुलाला आवरा’ असा. त्या आठवड्यात तो जेवला नाही, कॉलेजला गेला नाही, आणि मी काय चूक केली एवढंच विचारत राहिला.

तो प्रसंग त्याच मॅडमनी निस्तरला. त्यांनी आधी त्या मुलीचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या मुलाला समोर बसवून कागदावर लिहून दिलं: ‘उद्या भेटू’ हे पुष्कळदा ‘अच्छा, येते’ अशा अर्थाने म्हणतात. वेळ आणि जागा ठरली असेल तरच ती भेट. कोणी दोनदा आलं नाही, तर वाट बघणं थांबवायचं. एखाद्याला आपली भीती वाटते असं कळलं, तर त्याच्यापासून लांब राहायचं, पटलं नाही तरीही. तो कागद अजून त्याच्या पाकिटात आहे. त्या मुलीला पुन्हा त्रास झाला नाही. आपल्या संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्यात ऑटिझम म्हणजे काय हे जाणणारं एक माणूस असू द्या. नियम सैल करायला मी सांगत नाही. नियम आमच्या मुलांनाही हवेच आहेत, फक्त ते कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितलेले हवेत. जिथे सांगायचा नियम गृहीत धरला जातो आणि मोडल्यावरच कळवला जातो, तिथे दोन्हीकडची मुलं पोळतात.

आमच्याबद्दलही थोडं लिहिलं पाहिजे, म्हणजे आईवडिलांबद्दल. तो 18 वर्षांचा झाला आणि दोन्हीकडून एकदम ओढाताण सुरू झाली. महाविद्यालय म्हणायचं, ‘आता तो सज्ञान आहे, त्याला बोलू द्या, तुम्ही येऊ नका.’ बँकेत म्हणायचे, ‘पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा, तो सही कशी करेल?’ राष्ट्रीय न्यास कायदा 1999 चा आहे, त्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळतं. ज्यांच्या मुलांना आयुष्यभर पूर्ण आधार लागणार आहे, त्या घरांना ते घ्यावंच लागतं. आम्ही घेतलं नाही. तो सही करतो, एटीएम वापरतो, हिशेब माझ्यापेक्षा चोख ठेवतो. पण त्याला फसवणं सोपं आहे. कँटीनमध्ये वर्षभर तीन मुलं त्याच्या पैशाने खात होती आणि तो त्यांना मित्र समजत होता. तेव्हा आम्हाला पूर्ण बाहेर ठेवणंही बरोबर नाही आणि सगळं आम्हालाच विचारणंही बरोबर नाही. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यानेच एका कागदावर लिहून द्यावं: माझ्या पालकांना काय कळवायचं, काय नाही, आणि अडचण आली तर आधी कोणाला सांगायचं. दर वर्षी तो कागद त्याने बदलावा.

हे सगळं मी शिकले ते नाशिक रोड ते सीबीएस, म्हणजे नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक, या बसमुळे. त्याच्या बाबांनी त्याला बसने जायला शिकवलं. पहिले पंधरा दिवस ते शेजारच्या सीटवर बसले. मग दोन सीट मागे. मग मागच्या दाराशी. मग स्कूटरवरून बसच्या मागे मागे. मग फक्त सीबीएसला उभे राहिले. सहा महिन्यांनी ते घरी बसले आणि फोनवर ‘पोचलो’ एवढा मेसेज यायला लागला. एके दिवशी वाटेतल्या द्वारका चौकात रस्ता बंद होता, बस भलतीकडून वळवली. माझ्या पोटात गोळा आला असता, पण मला ते कळलंच नाही. त्याच्या खिशात आम्ही ठरवलेलं कार्ड होतं: बस वळली तर खाली उतरायचं नाही, कंडक्टरना विचारायचं, ‘ही बस सीबीएसला जाईल का?’ त्याने विचारलं. ते म्हणाले जाईल. तो बसून राहिला. रात्री जेवताना सहज सांगितलं.

त्याला तिथवर नेणारी गोष्ट म्हणजे कमी कमी होत गेलेली मदत. बाबा पहिल्या दिवशी स्टॉपवर सोडून निघून गेले असते तर तो बसमध्ये चढलाच नसता, आणि पाच वर्षं शेजारी बसून राहिले असते तर एकटा कधीच गेला नसता. महाविद्यालयात आम्हाला या दोनच गोष्टी दिसल्या. एक तर ‘आता मोठा झालास, तुझं तू बघ’, नाहीतर ‘याला नको पाठवू, याला झेपणार नाही.’ मधलं काहीच नाही. आणि मधलं सगळं करण्यासाठी मोठं अनुदान लागत नाही. एक माणूस लागतो.

तो माणूस माझ्या मुलाला मिळाला तो योगायोगाने. ते शिपाईमामा. डिसेंबरच्या त्या पेपरनंतर प्रत्येक परीक्षेला ते सकाळी फाटकाशी त्याला गाठायचे आणि वर्ग सांगायचे. दोन सत्रांनंतर म्हणाले, ‘आता तू येऊन मला सांग, आज कुठला वर्ग आहे.’ म्हणजे बोर्ड वाचायचं काम त्यांनी त्याच्याकडे दिलं. शेवटच्या वर्षी तो स्वतःच बोर्ड बघून जायचा आणि जाता जाता मामांना नुसता हात करायचा. त्याच्या बाबांनी बसमध्ये जे केलं, तेच मामांनी केलं, कोणी न शिकवता. मामा मागच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोण आहे? यंदा ऑटिझम असलेला एखादा मुलगा तिथे प्रवेश घेईल, त्याला फाटकाशी कोण भेटणार?

म्हणून माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मी प्रत्येक प्राचार्यांकडे करते. दिव्यांग कक्ष बहुतेक महाविद्यालयांत कागदावर असतो. त्यात एक नाव आणि एक मोबाइल नंबर घाला. ती व्यक्ती प्राध्यापक असो, ग्रंथपाल असो, कार्यालयातली असो. तिला आठवड्याला दोन तास कामातून मोकळे द्या. जुलैमध्ये, वर्ग भरण्याआधी, या विद्यार्थ्याला रिकाम्या इमारतीत एकदा फिरवून आणा: हा वर्ग, हे स्वच्छतागृह, इथे फी भरायची, गोंगाट असह्य झाला तर या खोलीत येऊन बसायचं. पहिल्या सत्रात आठवड्याला एकदा भेट, दुसऱ्यात पंधरवड्याला, तिसऱ्या वर्षी त्याने मागितली तर. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी 2003 पासून स्वतंत्र केंद्र चालू आहे. दृष्टिहीन मुलगा पदवी घेणार यात आज कोणाला नवल वाटत नाही. तसं आमच्या मुलांच्या बाबतीत व्हायला आणखी वीस वर्षं लागू नयेत.

नोकरीचंही याच धाग्याने बघा. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे. त्यातला 1 टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगता या सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. खासगीत मुलाखतीलाच ही मुलं गळतात, कारण मुलाखत म्हणजे अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून स्वतःची स्तुती करणं. सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने 2013 मध्ये ऑटिस्टिक लोकांना नोकरी देण्याचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला तेव्हा भरतीची पद्धतच बदलली. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे शिकता शिकता प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, आलं आहे. ती मोठी संधी आहे. मुलाखत न घेता काम बघायची ती जागा आहे. पण ‘आपापली कंपनी शोधा’ म्हणालात, तर ग्रुप प्रोजेक्टसारखाच तो पुन्हा उरेल. आपल्या माजी विद्यार्थ्यांत दोन-तीन तरी कारखानदार असतील, त्यांच्याशी आपण बोला.

आम्हाला सातपूरच्या एमआयडीसीत असे एक गृहस्थ भेटले. त्यांनी ‘याच्यात काही स्पेशल टॅलेंट आहे का?’ असं विचारलं नाही. हा प्रश्न मला फार लागतो, कारण काही अलौकिक असेल तरच तुम्हाला दारात घेऊ असा त्याचा अर्थ होतो. माझा मुलगा संगणकाचा जादूगार नाही. त्याला स्टोअरच्या नोंदी नीट करता येतात, तेवढंच. पहिल्या आठवड्यात तो संध्याकाळी सात वाजता झोपायचा, न जेवता. त्या गृहस्थांनी वेळ चार तासांवर आणली, महिन्याने पाच, मग सहा. आता तो पूर्ण वेळ जातो. पगारातून घरात बाराशे रुपये देतो, ती रक्कम त्याने हिशेब विचारून ठरवली आहे: त्याच्या वाट्याचं दूध, भाजी आणि वीज.

सगळीच ऑटिस्टिक मुलं महाविद्यालयात येतील असं नाही, आलीच पाहिजेत असंही नाही. आमच्या पालक गटात एक मुलगा आहे, बोलत नाही, कापडी पिशव्यांना बंद ओवतो. त्याची आई म्हणते, सकाळी तो स्वतःचा डबा स्वतः उचलतो तेव्हा मला पदवीदान समारंभ वाटतो. त्या मुलांसाठी कार्यशाळा हव्यात, आम्हा आईवडिलांच्या माघारी राहायला घरं हवीत. त्याची चिंता आम्हा सगळ्यांनाच रात्री जागवते, पण ते पत्र दुसऱ्या पत्त्यावर लिहावं लागेल. तुमच्या दारात जी आली आहेत, त्यांच्यापुरतं हे लिहिलं.

नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही महाविद्यालयाने बोलावलं तर मी येईन, शिक्षकांशी तासभर बोलेन. रविवार असेल तर तोही येईल, मात्र प्रश्न आदल्या दिवशी लेखी द्यावे लागतील. पत्रात स्वतःचं काही घालायचं आहे का, असं मी त्याला विचारलं. त्याने दोन दिवस घेतले आणि हे लिहून दिलं. एकही शब्द न बदलता देते:

‘1. वर्ग बदलला तर आदल्या दिवशी मेसेज करा. बोर्डावर लावला तरी मेसेज करा.
2. तारीख सांगा. लवकर म्हणू नका.
3. मी खाली बघत असलो तरी ऐकत असतो.
4. मामांना निवृत्तीच्या दिवशी भेटायचं राहिलं कारण मला तारीख माहीत नव्हती. त्यांचा पत्ता ऑफिसमध्ये असेल तर आईला द्या.’

आपली नम्र,
एका माजी विद्यार्थ्याची आई
नाशिक रोड